अकरा पाकिटं, बावीस त्रिकोणी तिकिटं

“शेटे सरांनी आमची अकरा पाकिटं लाटली.” स्वतःच्या हिमतीवर लिहिलेल्या माझ्या पहिल्या पत्रकाची ही पहिली ओळ. शहापूरला कॉलेजात असताना मी ज्या संघटनेत जायचे तिथल्या ताईंनी आम्हाला शिकवलं होतं, की पत्रक म्हणजे निबंध नाही. कोणी केलं ते पहिल्या ओळीत, काय केलं ते दुसऱ्या, आणि आपल्याला काय पाहिजे ते तिसऱ्या ओळीत आलं पाहिजे, कारण माणूस एसटीत चढता चढता तेवढंच वाचतो. धरणाचं पाणी नळातून मुंबईला जातं आणि धरणाच्या कडेच्या बाया डोक्यावर हंडे वाहतात, यावर मी संघटनेसाठी अशी पत्रकं लिहिली होती. रेशनच्या रॉकेलवर लिहिली होती. ती सगळी खरी होती. शेटे सरांवरचं पत्रकही खोटं नव्हतं. पण ते पुरतं खरं नव्हतं, आणि त्यातलं काय राहून गेलं हे सांगायला मी फार वर्षं घेतली.

आमचं घर किन्हवलीच्या पुढे, गावाच्या पूर्वेला, बौद्धवाडीत. दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्या खाली बाबांची खुर्ची, आणि खुर्चीच्या बाजूच्या खिळ्याला एक तार. जाड, वरून आकड्यासारखी वळवलेली, तळाशी लाकडाची चकती. आलेलं पत्र वाचून झालं की पाकिटासकट त्या तारेत टोचून खाली सरकवायचं, ही माझ्या आजाची पद्धत. आजाला वाचता येत नव्हतं. शाळेतल्या एका मास्तरांकडून तो पत्र वाचून घ्यायचा आणि मग स्वतःच्या हाताने टोचायचा, बरोबर मधोमध. आजा गेला, तार राहिली. तिच्यावरची पत्रं म्हणजे बाबा तरुणपणी भुसावळला नोकरीला होते तेव्हा त्यांनी घरी पाठवलेली. आम्हा मुलांना त्यांचं काही विशेष वाटायचं नाही. पावसाळ्यात वारा सुटला की ती तार भिंतीवर टिक टिक वाजायची, एवढंच तिचं अस्तित्व. आमच्या घरात झालेल्या लढाया कोणी सांगत बसत नसे. बाबा कल्याणच्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी आले ते गप्पच आले. सकाळी पेपर, मग परसातल्या कोंबड्या, मग परत पेपर. आईच्या तोंडाला मात्र खळ नसायचा. ती चुलीशी, शेतात, विहिरीवर, सगळीकडे बोलतच असायची, आणि भाकरी थापण्याचा आवाज तिच्या बोलण्याला ठेका धरायचा.

तिकिटांचं वेड मला कॉलेजच्या फळ्यावरच्या एका कागदाने लागलं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या लोकांनी टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचं एक मंडळ काढलं होतं, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुरबाडला एका शाळेच्या वर्गात ते भरायचं. मी गेले ती सहज बघून येऊ म्हणून, आणि अडकले. सगळं शिकवायचे शेटे सर. मुरबाडचे निवृत्त हेडमास्तर, पांढरा लेंगा, खिशाला चिमटा लावलेला, जसा दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतो. तिकीट कोमट पाण्यात किती वेळ ठेवायचं, पालथं घालून वर्तमानपत्रावर कसं वाळवायचं, वहीत चिकटवायला डिंकाची बारीक पट्टी कशी मुडपायची, हे सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. आणि तिकिटांना हात लावायच्या आधी हात धुवायचे, हा त्यांचा दंडक होता. दारात बादली, एक साबण, एक टॉवेल. पहिल्या रविवारी मी माझा रुमाल काढला तर सर म्हणाले, “रुमाल कशाला? हा टॉवेल सगळ्यांचा आहे.” ज्यांना यात विशेष काय ते कळत नाही, त्यांनी न कळण्याबद्दल स्वतःला नशीबवान समजावं. मी त्या टॉवेलावर विश्वास ठेवला. माणसावर ठेवण्याआधी टॉवेलावर ठेवला, असं आता म्हणते.

घरी मी आईची परात घेऊन तिकिटं भिजत घालायचे. आई ओरडायची, “काय गो सुजाता, भाकरीची परात हाय ती! तुज्या राजाराणीला आंघोळ घालाया नाय आणली.” मग स्वतःच वाकून बघायची. “ह्या राणीचा तोंडावळा आपल्या वच्छीसारखा हाय, नाय? तीच मान, तोच नाकाचा शेंडा.” बाबा पेपराआडून हसायचे. ते दिवस चांगले होते, आणि म्हणूनच माझा राग अजून जात नाही. ज्यात काही चांगलं नव्हतं तिथली फसवणूक माणूस विसरतो.

मंडळातर्फे वर्षातून एकदा स्पर्धा असायची. दोन गट. नवोदितांचा आणि जाणत्यांचा. प्रत्येकाने सोळा पानं मांडायची, ती काचेच्या फ्रेममध्ये लागायची, आणि कल्याणहून परीक्षक यायचे. त्या वर्षी मला उतरायचं होतं, पण माझ्याकडे मांडण्यासारखं काही नव्हतं. राण्या, मोर, कारखान्यांची तिकिटं, जी सगळ्यांकडे असतात ती. त्याच सुमारास शेटे सर आमच्या घरी आले. जुनी पत्रं बघत गावोगाव फिरतोय, म्हणाले. बाबांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. आईने चहा ठेवला तर सर म्हणाले, “वहिनी, चहावर बोळवण नको, जेवूनच जाईन.” मुरबाडचा हेडमास्तर आमच्या पडवीत मांडी घालून बसला आणि तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं जेवला. सुकट दोनदा मागून घेतलं. आईला काय करू नि काय नको असं झालं होतं. जेवता जेवता त्यांची नजर तारेवर गेली आणि तिथेच राहिली. हात त्यांनी लावला नाही. नुसतं विचारलं, “कुठली पत्रं?” बाबा म्हणाले, “जुनी. माजीच. भुसावळची.” तेवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी सरांनी मला बाजूला घेतलं. “ती तारेवरची पाकिटं आण बघू. पत्रं घरीच राहू देत, पत्रं खासगी असतात. नुसती पाकिटं. भोक पडलेल्या पाकिटाला तसं कोणी विचारत नाही, पण तुला स्पर्धेत उतरायचंय, तर मी बदल्यात काही चांगलं देईन.” आणि त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढून उघडलं. त्रिकोणी तिकिटं! परदेशांची. जहाजं, रॉकेटं, फुलपाखरं, बर्फावरून घसरणारे लोक. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात छोटासा गोल शिक्का. एका पाकिटाला दोन तिकिटं. मी त्रिकोणी तिकीट त्याआधी पाहिलंच नव्हतं.

बाबांना विचारायचं मला सुचलंच नाही, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. खोटं. सुचलं होतं. ते नाही म्हणतील असं वाटलं म्हणून विचारलं नाही. एका दुपारी बाबा किन्हवलीच्या बाजाराला गेले होते, आई शेतात वालाच्या शेंगा खुडत होती. मी तार उतरवली, पाकिटं सोडवली, आतली पत्रं काढून न वाचता होती त्याच क्रमाने परत टोचली. भोकं जुळत होती, त्यामुळे काम फार सोपं झालं. पाकिटांवर कुठे कुठे लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. मला वाटलं, मळलीयत. मळकं देऊन चकचकीत घ्यायचं, म्हणून उलट मलाच सरांना फसवल्यासारखं वाटत होतं.

मंडळात अदलाबदल टेबलावर व्हायची. दोघांनी आपापला माल मांडायचा, बघायचा, आणि मग हात लावून आपल्याकडे ओढायचा. एकदा टेबलावरून गेलं ते परत मागायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहिलेला होता. सरांनी माझ्या अकरा पाकिटांवर हात ठेवला आणि चार माणसांसमोर विचारलं, “सुजाता, नक्की ना? मग रडायचं नाही.” मी म्हटलं, “नाही रडणार, सर.” त्यांनी पुन्हा विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” दोनदा विचारणाऱ्या माणसाकडे आज मी जरा जास्तच निरखून बघते.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही तिघं किन्हवलीहून सरळगावमार्गे एसटीने मुरबाडला गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने भाकऱ्या आणि सुकट बांधून घेतलं होतं, बाहेरचं खायचं नाही म्हणून. शाळेच्या हॉलमध्ये डाव्या हाताला नवोदितांच्या फ्रेमा, उजव्या हाताला जाणत्यांच्या. माझी सोळा पानं काचेत लखलखत होती. कल्याणहून आलेल्या परीक्षक बाई माझ्यासमोर थांबल्या, चष्मा वर केला, आणि म्हणाल्या, “ही कुणी दिली गं तुला?” मी अभिमानाने सरांचं नाव सांगितलं. बाईंनी फ्रेम उघडायला लावून एक तिकीट चिमट्याने उलटं केलं. “हे बघ. मागे डिंक जसाच्या तसा, आणि पुढे शिक्का. डिंक ओलाच झाला नाही म्हणजे हे कुठल्या पत्राला चिकटलंच नाही. असली तिकिटं शिक्क्यासकट छापून पुडक्यांनी विकतात, तुझ्यासारख्या मुलांसाठी. टपालात यांनी एक दिवस काम केलेलं नाही. याला मी गुण कशाचे देऊ?” त्यांचा आवाज चांगला होता. त्यामुळे जास्त लागलं. मी विचारलं, “सरांना हे माहीत असेल?” बाई म्हणाल्या, “हे पहिल्या वर्षात कळतं,” आणि पुढच्या फ्रेमकडे गेल्या.

मी बाबांना शोधायला वळले तर ते उजव्या हाताला, जाणत्यांच्या रांगेत उभे होते. शेजारी आई, डबा पोटाशी धरून. फ्रेमवर मथळा होता, आपल्या दोन तालुक्यांच्या टपालखुणा. खाली शेटे सरांचं नाव आणि ‘स्वतःच्या संग्रहातून’. मधल्या सहा पानांवर आमची पाकिटं. मधोमध आजाने पाडलेलं भोक. आणि पहिल्यांदाच, काचेमागे गेल्यावर, मी ती वाचली. बाबांच्या तरुण, टोकदार अक्षरात आजाचं नाव, खाली ‘बौद्धवाडी’, खाली गाव, तालुका. ‘बौद्धवाडी’ या शब्दावर लाल पेन्सिलीची रेघ, आणि वर त्याच लाल पेन्सिलीने वाडीचं जुनं नाव, जातीचं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. बाबांनी ते अकरांपैकी एकाही पाकिटावर लिहिलं नव्हतं, मी का लिहू? पहिल्या सात पाकिटांवर तेच. आठव्यावर नुसती रेघ, वर काही नाही. नववं, दहावं, अकरावं स्वच्छ. वाटेत कुठे, कुणाच्या हातची ती पेन्सिल होती ते कधीच कळलं नाही. आणि पहिल्या सातांच्या खाली शेटे सरांच्या सुंदर अक्षरात टीप होती: ‘पाठवणाऱ्याने चुकीचा पत्ता लिहिला आहे. टपालात तो दुरुस्त करून वाटप. दुर्मिळ.’

सर मागून आले. “कसं वाटलं?” त्यांनी बाबांना विचारलं.

बाबा काचेवर बोट ठेवून म्हणाले, “सर, ही चूक नाय. हे मीच लिवलंय.”

“अहो, टपालाच्या अभ्यासात याला चुकीचा पत्ताच म्हणतात. तुमच्यावर टीका नाही ती. उलट त्यामुळेच तर पाकिटाला मोल आलं.”

“पत्ता बरोबर व्हता. चूक त्या लाल पेन्सिलीची हाय.”

“ते तुम्ही म्हणता. परीक्षकांना पाकिटावर जे आहे ते लागतं. भावनांना त्यात रकाना नाही.”

मी मध्ये पडले. “सर, टीप काढा. आणि ती पाकिटं आमची आहेत.”

“होती,” सर म्हणाले. चिडून नाही. “तूच दिलीस ना, सुजाता? मी दोनदा विचारलं होतं, चार जणांसमोर.” मग थांबून, “वडिलांना सांगितलं नव्हतंस?” हा शेवटचा प्रश्न त्यांनी इतक्या मायेने विचारला, की आजूबाजूच्या लोकांना सरांची नाही, माझीच लाज वाटली.

बाबा माझ्याकडे वळले. “तू दिलीस?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. एवढंच. मग दाराशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीकडे गेले. लोकांनी तिथे ‘सुंदर’, ‘स्तुत्य उपक्रम’ असं लिहिलं होतं. बाबांनी खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि पूर्ण पत्ता. बौद्धवाडी, गाव, तालुका, जिल्हा. दुसरा शब्द नाही. आई म्हणाली, “चला. भाकरी गार व्हतीय.” आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर बसून जेवलो. शेवटी आईच म्हणाली, “त्यानं माज्या हातचं सुकट दोनदा मागून खाल्लं,” आणि उरलेलं सुकट तिने कावळ्यांना टाकलं.

घरी आल्यावर मी तारेवरची पत्रं वाचली. पुरावा शोधायला म्हणून, पत्रकासाठी. पहिल्याच पत्रात, कुशल विचारून झाल्यावर, बाबांनी आपल्या बापाला लिहिलं होतं: ‘मी पत्ता घातला तसाच आला की कोणी खोडला ते मास्तरांकडून कळवावे. खोडला असल्यास पाकीट टाकू नये. तारेला लावून ठेवावे. पुढे दाखवायला लागेल.’ दुसऱ्या पत्रात तेच. तिसऱ्यात तेच. सुट्टी काढून बाबा ती पाकिटं घेऊन पोस्टाच्या साहेबापुढे तीनदा जाऊन बसले होते, हे मला खूप नंतर त्यांच्याच तोंडून कळलं, दोन वाक्यांत. अकराव्या पत्रात होतं: ‘आता खोडत नाहीत हे वाचून बरे वाटले. तरी पाकिटे जपावी.’ वाचता न येणाऱ्या आजाने ती मरेपर्यंत जपली. वाचता येणाऱ्या मी ती न वाचता दिली.

आणि तरीही मी पत्रक तसंच लिहिलं. रागाला फार सुंदर भाषा सुचते. नवोदितांना कचरा देऊन खेडोपाड्यांतला ठेवा उचलणारे जाणते, जेवल्या घरचा इतिहास चूक ठरवणारे जाणते, टीप मागे घ्या, पाकिटं परत करा. छापायला द्यायच्या आधी मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं. “जोरात लिवलंयस,” म्हणाले. मग, “कोणी केलं ते पयल्या ओळीत लिवायचं म्हनतेस ना तू?”

“हो.”

“मग यात तुजं नाव कुटं हाय?”

मी म्हटलं, “बाबा, पत्रकात तसं नाही लिहीत. मुद्दा पातळ होतो.”

“बरं,” ते म्हणाले आणि कागद परत दिला.

बक्षीस समारंभाच्या दिवशी मी मुरबाडच्या स्टँडवर आणि शाळेच्या फाटकात ती पत्रकं वाटली. लोकांनी वाचली. मंडळातली तीन पोरं पुढे कधी तिकडे गेली नाहीत. एका बाईने विचारलं, “पण पाकिटं त्यांच्याकडे गेली कशी?” मी म्हटलं, “गोड बोलून,” आणि पुढच्या माणसाला पत्रक दिलं. जाणत्यांच्या गटातलं पहिलं बक्षीस शेटे सरांना मिळालं. टीप तशीच होती.

काही आठवड्यांनी पोस्टमन सायकलवरून एक जाड लिफाफा घेऊन आला. सरांचं अक्षर. आत चिठ्ठी नाही, अकरा पाकिटांच्या झेरॉक्स. आणि लिफाफ्यावर बाबांचं नाव, खाली ‘बौद्धवाडी’, गाव, तालुका, जिल्हा. काना-मात्रेची चूक नाही. म्हणजे बरोबर पत्ता कोणता, हे त्यांना येत होतं. मी तो लिफाफा फाडायला निघाले. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

झेरॉक्समध्ये लाल पेन्सिल काळी झाली होती, बाबांच्या शाईसारखीच. लिहिणारा कोण आणि खोडणारा कोण, रंगावरून ओळखू येत नव्हतं. आजाच्या भोकाच्या जागी प्रत्येक कागदावर एक काळा ठिपका उमटला होता. बाबांनी तार उतरवली, चष्मा लावला, आणि एकेक कागद बरोबर त्या ठिपक्यातून टोचला. शेवटी सरांचा लिफाफाही. आई म्हणाली, “तो कशाला त्या मेल्याचा?” बाबा म्हणाले, “पाकीट टाकू नये. पत्ता बरोबर लिवलाय त्यानं.”

मला काहीतरी करायचं होतं. मी घडी घातलेलं माझं पत्रक पुढे केलं. बाबांनी तारेवर हात आडवा धरला.

“ते नगं,” ते म्हणाले. “ते अजून पुरं झालं नाय.”

बाबा गेले, आई गेली. तार आता माझ्याकडे आहे. सरांनी पाकिटं परत केली नाहीत. ते गेल्यावर त्यांचा संग्रह कुठे गेला ते मला माहीत नाही, आणि त्यांच्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. तो योग्यच आहे. पण त्या पत्रकाची पहिली ओळ मी आज दुरुस्त करते, स्वतःच्या हाताने, पेनाने: शेटे सरांनी आमची अकरा पाकिटं लाटली, आणि ती त्यांच्या हातात मी, सुजाताने, बाबांना न विचारता दिली. हे पान आता तारेत टोचते.